मासे वाढले, दिवस आटले

मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर नावाचा एक लालभडक मासा राहतो. टेक्ससपासून फ्लोरिडापर्यंतची अमेरिकेची पाच राज्यं त्याच्यावर जीव टाकतात. किनाऱ्यापासून दूर, केंद्र सरकारच्या ताब्यातल्या पाण्यात २००७ साली हौशी लोकांना तो वर्षातले १९४ दिवस गरवता येत होता. २००८ साली ६५ दिवस. २०१३ साली ४२. २०१४ साली नऊ. आणि २०१७ साली सरकारनं जाहीर केलं, यंदा फक्त तीन दिवस!

आता सांगा, या दहा वर्षांत त्या माशाचं काय झालं असेल? संपत आला असेल, नाही का?

छे! तो वाढला. संख्येनं वाढला, वजनानं वाढला, जिथून नाहीसा झाला होता तिथे पुन्हा दिसू लागला. मासे वाढत होते आणि ते धरायचे दिवस आटत होते. हे कोडं काही सरकारी लहरीचं नाही. त्याच्या पोटात जीवशास्त्र आहे, गणित आहे, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं राजकारण आहे, आणि एकमेकांवर खटले भरणारे असे लोक आहेत, की त्यातला प्रत्येक जण मनापासून म्हणतो, मासा वाचवतोय तो मीच.

आधी त्या माशाकडेच नीट बघू. आपल्या कोकणातल्या तांबोशीचा हा भाऊबंद. दोघेही ल्युटजॅनस या एकाच प्रजातीतले. पण त्याचं आयुष्य किती असावं? पाच वर्षं? दहा? हा मासा पन्नाशी ओलांडू शकतो.

हे कसं कळलं, ती गोष्ट माशाहून कमी नाही. माशाच्या डोक्यात, आतल्या कानात, कॅल्शियमचा एक छोटा खडा असतो. मासा वाढतो तसा तो वाढतो आणि वर्षाला त्यावर एक वलय चढतं. खड्याचा पातळ काप घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि वलयं मोजायची. पण एक वलय म्हणजे एकच वर्ष, हे कशावरून? इथे मदतीला आले चक्क अणुबाँब! १९५० आणि १९६० च्या दशकांत महासत्तांनी वातावरणात अणुचाचण्या केल्या. हवेतला किरणोत्सारी कार्बन एकाएकी वाढला, समुद्रात उतरला आणि त्या काळात जन्मलेल्या पिल्लांच्या कानातल्या खड्याच्या गाभ्यात कायमचा बसला. गाभ्यातला कार्बन मोजला, की वलयांवरून काढलेलं जन्मसाल पडताळता येतं. पडताळलं. वलयं खरी निघाली. शीतयुद्धातल्या स्फोटांनी माशांचे जन्मदाखले लिहून ठेवले होते!

आता दुसरं नवल. स्नॅपरची मादी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून अंडी घालू लागते. समजा एक मादी ४२ सेंटिमीटर लांब आहे आणि दुसरी ६१ सेंटिमीटर. लांबीत दीडपटीचाही फरक नाही. अंड्यांत किती असेल? मोठीच्या पोटात सुमारे ९३ लाख अंडी असतात, म्हणजे धाकट्या २१२ माद्यांच्या पोटात मिळून असतात तेवढी. एक थोरली बरोबर दोनशे बारा धाकट्या!

लहान मासा सोडून द्या, मोठा घ्या, हा नियम आपल्याला सहज पटतो. महाराष्ट्रानंही २०२३ साली ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, आणि तो हवाच. एकदाही अंडी न घातलेलं पोर मारण्यात काय शहाणपण? पण या २१२ च्या हिशेबानं त्या नियमाची दुसरी बाजू उघडी पडते. समुद्र माशांनी भरलेला दिसेल आणि तरीही थोरल्या माद्या मोजक्याच उरलेल्या असतील. होडीतला माणूस गळाला लागणारे मासे पाहून म्हणतो, एवढे मासे आहेत, बंदी कसली? शास्त्रज्ञ कानातले खडे मोजून म्हणतो, आहेत, पण सगळे पोरसवदा आहेत. दोघेही खरं बोलतात. भांडणाची पहिली ठिणगी इथे पडते.

मुळात हा मासा इतका घटला कसा? गळानं घटला, धंद्याच्या मासेमारीनं घटला आणि कोळंबीनंही घटला. कोळंबीनं? हो. स्नॅपरची पिल्लं पहिली वर्ष-दोन वर्षं खडकात राहत नाहीत. ती चिखलाच्या आणि शिंपल्यांच्या सपाट तळावर राहतात, आणि नेमकी तीच कोळंबीची जागा. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर स्नॅपरची बोटाएवढी पिल्लं यायची आणि मेलेली परत समुद्रात जायची. ज्याला स्नॅपर नकोच होता, तोच स्नॅपरची पुढची पिढी बुडवत होता. १९८८ साली शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नीट हिशेब मांडला, तेव्हा हा मासा अतिमासेमारीनं खंगल्याचं उघड झालं.

मग उपाय सुरू झाले. १९९८ पासून कोळंबीच्या जाळ्यांत पिल्लांना निसटायला वाट ठेवणं सक्तीचं झालं. पण मोठा हातभार लागला तो कोणी न योजलेल्या दिशेनं. थायलंड, व्हिएतनाम, भारत अशा देशांत तळ्यांत वाढवलेली स्वस्त कोळंबी अमेरिकेच्या बाजारात उतरली, डिझेल महागलं, आणि २००५ साली कॅटरिना आणि रिटा या वादळांनी ट्रॉलरचा ताफाच मोडून काढला. कोळंबीच्या फेऱ्या घटल्या आणि तळावरची पिल्लं जगू लागली. आशियातल्या तळ्यातली कोळंबी आखातातल्या माशाला जीवदान देते, हे कोणत्या नियोजन मंडळाला सुचलं असतं?

तिकडे कायदाही कडक होत गेला. अमेरिकेचा मूळ मत्स्यकायदा १९७६ चा. त्यानं आठ प्रादेशिक परिषदा नेमल्या आणि परक्या जहाजांना दूर लोटलं. खरी कलाटणी मिळाली ती २००६ च्या दुरुस्तीनं. प्रत्येक माशासाठी वर्षाची कमाल मर्यादा ठरवा, ती शास्त्रज्ञांनी आखलेल्या रेषेच्या आत ठेवा आणि ओलांडली तर जबाबदारी घ्या, असं तिनं बजावलं. स्नॅपरची जी मर्यादा ठरे, तिचा ५१ टक्के वाटा धंदेवाल्यांचा आणि ४९ टक्के हौशींचा. ही वाटणी १९७९ ते १९८७ या वर्षांत कोणी किती मारले त्यावरून ठरलेली.

धंदेवाल्यांचं गणित २००७ साली सुटलं. त्याआधी हंगाम उघडला की सगळ्या होड्या एकदम सुटायच्या. हवा कशीही असो, आज गेलो नाही तर दुसरा नेईल. सगळ्यांचा मासा एकाच दिवशी धक्क्यावर यायचा आणि भाव कोसळायचा. मग प्रत्येकाला त्याचा वैयक्तिक हिस्सा बांधून दिला. वर्षभरात केव्हाही जा, तेवढाच आणा. शर्यतच संपली. होडीवाले भाव पाहून आणि वारा पाहून निघू लागले, आणि धक्क्यावर उतरणारा मासा तोलून नोंदला जाऊ लागला. एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड ही पर्यावरण संस्था या पद्धतीची खंदी पुरस्कर्ती. मासे मारून पोट भरणारे आणि मासे वाचवायला निघालेले एकाच बाकावर येऊन बसले!

पण हौशी माणसाचं काय? तो सुट्टीच्या दिवशी येतो, दोन मासे नेतो. असे लाखो. त्यांना हिस्से कसे वाटणार? म्हणून त्यांच्यासाठी हंगामाचे दिवस मोजून दिले गेले, आणि इथे ते सुरुवातीचं कोडं उलगडू लागतं.

लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाचं पातेलं ठेवलंय असं समजा. पातेलं थोडं मोठं केलंत, पण वाढप्याच्या हातातला डाव दुप्पट मोठा झाला आणि पंगतीला पानंही जास्त बसली. पातेलं आधीपेक्षा लवकर रिकामं होणार की उशिरा? स्नॅपरची मर्यादा नगांत नव्हे, वजनात मोजली जाते. मासा सावरला तसा तो मोठा होत गेला आणि गळाला लागणाऱ्या माशाचं सरासरी वजन काही वर्षांतच दुपटीच्या घरात गेलं. शिवाय मासे भरपूर, म्हणून प्रत्येक फेरीला माणशी दोनची मर्यादा हमखास पूर्ण. आणि मिळतात म्हटल्यावर फेऱ्याही वाढल्या. मर्यादा वाढत होती, पण ती संपायचा वेग तिच्यापेक्षा जास्त वाढत होता. मासा वाचला म्हणूनच हंगाम आटला!

त्यात भर पडली एका जुन्या रेषेची. किनाऱ्याजवळचं पाणी राज्याचं, पलीकडचं केंद्राचं. बहुतेक राज्यांची हद्द तीन सागरी मैल. टेक्ससची मात्र नऊ. का? कारण १८३६ साली टेक्सस स्वतंत्र प्रजासत्ताक झालं, तेव्हा त्यानं आपली सीमा किनाऱ्यापासून तीन लीग, म्हणजे हेच नऊ मैल, आत समुद्रात आखली होती, आणि १९६० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली. फ्लोरिडालाही आखाताच्या बाजूला तेवढीच हद्द मिळाली. या हद्दीत राज्यं आपापला हंगाम ठरवत. टेक्ससमध्ये तर तो वर्षभर उघडा. राज्यांच्या पाण्यात जितका मासा मारला जाई, तितका केंद्राच्या पाण्यातला वाटा कमी होई, कारण मर्यादा दोघांची मिळून एकच. केंद्र दिवस कापे, चिडून राज्यं आपले दिवस वाढवत, मग केंद्र आणखी कापे. मासा मात्र दोन्हीकडे पोहतो.

आता सगळ्यात कठीण प्रश्न. हौशी लोकांनी नेमके किती मासे मारले, हे कळणार कसं? धंद्याचा मासा ठरावीक धक्क्यांवर उतरतो. हौशी माणूस कुठल्याही खाडीतून, स्वतःच्या घरामागच्या जेट्टीवरून निघतो आणि मासा थेट तव्यावर जातो. १९७९ पासून त्याची गणती व्हायची ती अशी: किनारी भागातल्या घरांना फोन करून विचारायचं, दोन महिन्यांत किती वेळा गेलात? आणि काही धक्क्यांवर उभं राहून पाहायचं, फेरीमागे किती मासे आले? दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण मासे. माशांच्या धक्क्यांवरच्या शेकडो होड्या, हजारो घरं, आणि त्यावरून लाखो माशांचा अंदाज. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं या पद्धतीचा पायाच कच्चा असल्याचा अहवाल दिला, आणि मग ती नव्यानं बांधायला घेतली. पण तोवर याच अंदाजांवर हंगामाचे दिवस ठरत होते. आपले दिवस कोणीतरी फोनवरच्या उत्तरांवरून कापतोय, असं कळल्यावर कोणाचं डोकं भडकणार नाही?

भडकलीच. २०१३ साली धंदेवाले मासेमार न्यायालयात गेले. हौशी लोक वर्षानुवर्षं मर्यादा ओलांडतात आणि सरकार बघत बसतं, असा त्यांचा दावा होता. २०१४ साली न्यायालयानं तो मानला. सरकारनं मर्यादेच्या अलीकडेच २० टक्के राखीव अंतर सोडलं आणि हंगाम नऊ दिवसांवर आला. २०१७ साली तीन दिवस जाहीर झाले, तेव्हा हौशींचा इतका गदारोळ उठला, की वाणिज्य खात्यानं आणखी ३९ दिवस वाढवून दिले. आणि वाढ देणाऱ्या अधिसूचनेतच काय लिहिलं होतं? यामुळे मर्यादा ओलांडली जाईल आणि माशाचं पुनरुज्जीवन सहा वर्षांपर्यंत लांबू शकेल! ओशन कॉन्झर्व्हन्सी आणि एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड या पर्यावरण संस्था लगेच कोर्टात गेल्या.

इथे हौशी विरुद्ध संरक्षणवादी असं सरळ चित्र काढायचा मोह होतो. पण हौशींची सगळ्यात बलवान संघटना आहे कोस्टल कॉन्झर्व्हेशन असोसिएशन. तिच्या नावातच संरक्षण आहे. १९७७ साली ह्यूस्टनमध्ये ती उभी राहिली, ती जाळ्यांनी रेडफिश हा दुसराच मासा संपवत आणलेला पाहून. आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गरवायच्या सामानावरच्या कराचा पैसा १९५० पासून मत्स्यसंवर्धनाला जातो. गळ विकत घेणारा माणूस माशाच्या रक्षणाचा खर्च उचलतो! तो म्हणतो, पैसे माझे, समुद्र सगळ्यांचा, मग मासा मूठभर हिस्सेदारांच्या नावावर का? पर्यावरण संस्था म्हणते, ज्याचं वजन होतं त्यालाच आवर घालता येतो. धंदेवाला म्हणतो, हॉटेलात स्नॅपर खाणाऱ्या, होडी नसलेल्या लोकांचा हक्क माझ्या होडीतून जातो. यातलं खोडून काय काढणार?

बरं, बंदीच्या दिवसांत लागलेला मासा सोडून दिला, की झालं ना? तिथेच तर भौतिकशास्त्र आडवं येतं. स्नॅपरच्या पोटात हवेची पिशवी असते. घोळ माशाचं जे बोत सोन्याच्या भावानं विकलं जातं, तेच हे. तीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. मासा भराभर वर ओढला, की पिशवीतला वायू चौपट फुगतो. जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे बटबटतात. असा मासा पाण्यात टाकला तर तो बुडतच नाही. तरंगत राहतो आणि डॉल्फिनच्या तोंडी जातो. यावरचा उपाय ऐकून हसू येईल इतका साधा आहे. जबड्याला एक चिमटा लावायचा, त्याला वजन बांधायचं आणि माशाला परत खाली सोडायचं. खाली दाब वाढला की वायू आपोआप आकसतो आणि मासा पोहत निघून जातो. असं साधन किंवा हवा काढायची पोकळ सुई होडीवर सज्ज ठेवणं आखातात २०२२ साली कायद्यानं सक्तीचं झालं.

मग एक दिवस सगळ्यांनी मिळून ठरवलं, अंदाज पुरे, मासेच मोजू या! अमेरिकी काँग्रेसनं एक कोटी डॉलर दिले. टेक्ससच्या हार्ट संशोधन संस्थेतल्या ग्रेग स्टन्झ यांच्या नेतृत्वाखाली अनेक विद्यापीठांचे शास्त्रज्ञ कामाला लागले. पाण्यात कॅमेरे उतरवले, ध्वनिलहरी सोडल्या, यंत्रमानव पाठवले. हजारो माशांना खुणेच्या पट्ट्या लावून सोडलं आणि पट्टी परत आणणाऱ्याला २५० डॉलरचं बक्षीस ठेवलं.

२०२१ साली आकडा आला. सरकारी अंदाज होता ३ कोटी ६० लाख. मोजणीत निघाले सुमारे ११ कोटी!

एवढे मासे लपले कुठे होते? हे तर आणखी मजेशीर. अलाबामानं १९५३ पासून समुद्रात जुन्या मोटारींचे सांगाडे बुडवून कृत्रिम खडक तयार केले. १९९० च्या दशकात लष्कराचे निकामी रणगाडेही तळाला गेले. आखातभर तेलविहिरींचे खांब उभे. मासे तिथे जमतात, म्हणून होड्या तिथे जातात, म्हणून सगळ्यांना वाटे मासे तिथेच आहेत. मोजणीत कळलं, की बहुतेक स्नॅपर या प्रसिद्ध जागांवर नाहीतच. ते पसरलेत नकाशात नाव नसलेल्या, उजाड वाटणाऱ्या तळावर. हौशी आणि शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले, आणि दोघांच्याही नजरेआड माशांचा मोठा भाग निवांत राहत होता.

मग हंगाम तिप्पट झाला? नाही, आणि यामागचं कारण कळलं की सगळं प्रकरण कळलं. विखुरलेल्या माशांपर्यंत होड्या पोहोचत नाहीत. मारले जातात ते खडकांवरचेच. एकूण आकडा तिप्पट धरून मर्यादा वाढवली, तर सगळा भार त्याच मूठभर जागांवर येईल. किती मासे आहेत, हा एक प्रश्न. किती मारावेत, हा पूर्णपणे वेगळा. मर्यादा वाढली, पण बेतानं.

दरम्यान २०२० पासून हौशींच्या हंगामाची सूत्रं पाचही राज्यांकडे गेली. मिसिसिपीत तर निघण्याआधी नोंद करून फेरीचा क्रमांक घ्यावा लागतो आणि परतल्यावर किती मासे आणले ते सांगावं लागतं. जे लोक सरकारी आकड्यांना शिव्या घालत, तेच आता आकडे पुरवतात. चांगल्या मोजणीची मागणी भांडणातूनच पुढे आली, हे विसरून चालणार नाही.

फ्लोरिडाच्या पलीकडच्या, अटलांटिकच्या बाजूला मात्र गाठ अजून सुटलेली नाही. तिथे २०२४ साली हौशींसाठी स्नॅपरचा हंगाम होता एका दिवसाचा, १२ जुलै. आणि तिथे बहुतेक मासे मरतात ते नेल्यामुळे नव्हे, सोडल्यामुळे. लोक दुसरेच मासे गरवायला जातात, गळाला स्नॅपर लागतो, नियम पाळून तो सोडला जातो आणि मरतो. मग त्याला वाचवायला त्याच्या शेजाऱ्यांचीही गरवणूक काही महिने थांबवायची का? सरकारनं तसा प्रस्ताव मांडून पाहिला, ओरड झाली, तो मागे पडला.

संपलेल्या माशावर कोणी खटला भरत नाही. हा मासा परत आला म्हणून त्याच्यावर दावे सांगणारे आले, आणि जितका तो वाढेल तितके ते वाढतील. कायद्यानं मासा वाचवण्याचं काम बरंचसं करून दाखवलं; वाचलेला मासा वाटून कसा घ्यायचा, ही विद्या माणूस अजून शिकतो आहे.